रिसॉर्ट आणि बॅककंट्री: एकाच स्कीवर भागेल का?

पत्राचा सारांश: काही वर्षं रिसॉर्टमध्ये स्कीइंग करणाऱ्या एका वाचक बाईंचं हे पत्र. दाबून तयार केलेल्या उतारांवर त्या आता न घाबरता उतरतात, कडेच्या मोकळ्या बर्फातही थोडंफार जमतं. त्यांच्या मित्रमंडळींनी बॅककंट्री टूरिंग, म्हणजे लिफ्टशिवाय स्कीवरच डोंगर चढून मोकळ्या बर्फात उतरणं, सुरू केलं आहे आणि येत्या मोसमात यांनाही बोलावलं आहे. यापुढे 'निम्मं रिसॉर्ट, निम्मं बॅककंट्री' असा त्यांचा बेत आहे. पैसे एका जोडीपुरते आहेत आणि दोन स्की हेरून ठेवल्या आहेत. एक कंबरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागाला, ८८ मिलिमीटर रुंद, एका स्कीचं वजन १९०० ग्रॅम, आत धातूचे पत्रे. दुसरी १०६ मिलिमीटर, १४०० ग्रॅम, कार्बनची. मित्र म्हणतात दुसरी घे. बाईंची उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. लांबी किती घ्यावी आणि सध्याची ७८ मिलिमीटरची जुनी जोडी विकावी का, हेही त्यांनी विचारलं आहे. बूट साधे अल्पाइन, म्हणजे रिसॉर्टच्या उतारांसाठीचे, आहेत, असा पत्रात ओझरता उल्लेख आहे. शेवटची ओळ अशी: 'सगळे माझ्यापेक्षा तयार आहेत. माझ्यामुळे कुणाला थांबावं लागू नये, एवढं बघा.'

नमस्कार,

आकडे नीट लिहून पाठवलेत, बरं वाटलं. 'माझ्यासाठी चांगली स्की सुचवा' एवढ्याच ओळीची पत्रं जास्त येतात आणि त्यांना काय उत्तर द्यावं ते कळत नाही. पण तुमच्या पत्रात मला पहिल्यांदा खटकला तो आकड्यांपलीकडचा शब्द, 'निम्मं-निम्मं'.

हे निम्मं आलं कुठून? टूरिंगचा एकही दिवस अजून तुमच्या खात्यात जमा नाही. पहिल्या मोसमात हवामान, हिमस्खलनाचा इशारा, सोबत्यांच्या सुट्या आणि आपलं अंग या सगळ्यांचं एकमत झालं की कुठे एक दिवस पदरात पडतो. यातलं एक जरी बिनसलं की मंडळी लिफ्टच्या रांगेत. तेव्हा मनातले मांडे बाजूला ठेवा. मागच्या दोन हिवाळ्यांत खरोखर किती दिवस स्कीवर उभ्या होतात ते कागदावर लिहा, त्यातले किती टूरिंगला जातील याचा अंदाज बांधा आणि तो अंदाज निम्मा करा. माझा कयास असा की पाचातले चार दिवस रिसॉर्टचेच निघतील. पुढे कधी ते प्रमाण खरंच निम्म्यावर आलं तर माझं उत्तरही बदलेल. पण आज स्की निवडायची ती त्या चार दिवसांकडे बघून.

१०६ मिलिमीटरच्या स्कीचा मोह का पडतो हे मला कळतं. गुडघाभर मऊ बर्फात रुंद स्की वर राहते आणि टोक आधीच वर उचललेलं असलं, म्हणजे रॉकर असला, तर ते बुडत नाही. २००२ मध्ये शेन मकॉन्की या स्कीपटूच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीने 'स्पॅच्युला' ही उलट्या कमानीची, म्हणजे मधे खाली आणि टोकं वर असलेली, स्की काढली. तेव्हा ती फक्त खोल पावडरची चीज होती. आज साध्या ऑल-माउंटन स्कीच्या टोकालाही थोडा रॉकर सापडतो. म्हणजे तरंगण्यासाठी दरवेळी रुंदीच वाढवावी लागते असं नाही, आणि हा मुद्दा तुमच्या मित्रांच्या बोलण्यात येत नाही.

आता रिसॉर्टमधला दुपारी चारचा शेवटचा उतार डोळ्यांसमोर आणा. दिवसभर शेकडो स्कींनी खरवडून वरचा भुगा कडेला ढीग होऊन पडलाय, मधे निळसर, काचेसारखा पट्टा उघडा पडलाय आणि तुमच्या मांड्या भरून आल्यात. स्की जितकी रुंद तितकी तिची कड बुटाच्या मध्यापासून लांब, आणि तितका जास्त जोर लावून ती कडेवर उभी करावी लागते. तो जोर घोट्यातून आणि गुडघ्यातून जातो. त्यात ही स्की १४०० ग्रॅमची. हलकी स्की प्रत्येक ढेकळावर उडते, तिचं टोक थरथरतं आणि ती थरथर थेट नडगीत येते. जड स्कीत टायटॅनलचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या एका मिश्रधातूचे, पत्रे घालतात ते बरेचसे याच थरथरीसाठी. रिसॉर्टच्या दिवसांसाठी तुमची ८८ वाली मला मनापासून आवडली असती.

पण ती घेऊन चढा म्हटलं तर मी सुचवणार नाही. हजार मीटर उंची चढायला, वाट कशी काढलीय त्याप्रमाणे, सहा हजारांच्या आसपास पावलं पडतात. 'पायातलं एक किलो म्हणजे पाठीवरचे पाच' छापाची गणितं मी फारशी मनावर घेत नाही, कारण चढताना स्की उचलायची नसते, स्किन्सवर, म्हणजे तळाला चिकटवलेल्या केसाळ पट्ट्यांवर, पुढे सरकवायची असते. वजन खरं कळतं ते किक-टर्नला. तीव्र चढावर जागच्या जागी दिशा बदलताना एका पायावर तोल धरून दुसरी स्की पूर्ण हवेत उचलायची, फिरवायची, टाचेने झटका देऊन टोक वर आणायचं आणि बर्फाला न अडखळता खाली ठेवायची. दहाव्या वळणाला पाय बोलायला लागतात.

म्हणून या दोघींपैकी कोणती, असं विचाराल तर कोणतीच नाही. एकाच जोडीवर भागवायचं तर कंबर ९४ ते १०० मिलिमीटर, वजन १५५० ते १७५० ग्रॅम, लाकडी गाभा, धातू असलाच तर पायाखाली थोडका, टोकाला रॉकर आणि पायाखाली नेहमीची कमान. वळणाची त्रिज्या १६ ते १९ मीटर असली की तयार उतारावरही ती कंटाळवाणी होत नाही. फोल्कलची ब्लेझ ९४, ब्लॅक क्रोजची कॅमॉक्स ही या मधल्या पट्ट्यातली नावं. ब्लॅक क्रोजचीच 'फ्रीबर्ड' मालिका किंवा ॲटॉमिकची 'बॅकलँड' या टूरिंगकडे झुकलेल्या. ही नावं दिशा कळावी म्हणून दिली आहेत. कंपन्या नाव तेच ठेवून आतली स्की बदलतात, त्यामुळे कोणत्या वर्षीची आहे ते बघून घ्या. छापील वजन बहुतेकदा एकाच लांबीचं असतं. तुमच्या लांबीची स्की दुकानातल्या काट्यावर ठेवायला सांगा, त्यात लाजू नका. अशी स्की बर्फाळ उतारावर ८८ पेक्षा कमी पडते आणि चढावर १४०० ग्रॅमवालीपेक्षा जास्त दमवते, हे मान्य करूनच घ्यायची.

लांबीचं पटकन सांगते. स्की हनुवटी ते कपाळाइतकी उंच असावी हा नियम भाड्याच्या दुकानात घाईच्या वेळी बरा. स्की वाकते ती वजनाने आणि वेगाने, उंची तिला कळत नाही. शिवाय रॉकरवाल्या स्कीची दोन्ही टोकं घट्ट बर्फाला टेकत नाहीत, म्हणून ती कागदावरच्या लांबीपेक्षा आखूड वागते. तुमच्या ६४ किलोला आणि आजच्या तयारीला १६६ ते १७२ च्या दरम्यानची स्की जमेल. टूरिंगचे दिवस वाढणार असतील तर त्यातली आखूड घ्या, किक-टर्नला दुवा द्याल.

एवढं स्कीबद्दल बोलले, पण रिसॉर्ट आणि बॅककंट्री यांच्यातली खरी भिंत बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या खटक्यात, आहे. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलने पिनचं बाइंडिंग बनवलं, पुढे ते डायनाफिट कंपनीने घराघरात नेलं. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी दोन खळगे, त्यात बाइंडिंगचे दोन दात बसतात आणि टाच मोकळी राहते. चढताना टाचेचा भाग स्कीवरच राहतो, तुम्ही उचलता तो फक्त बूट. असं बाइंडिंग ३०० ते ४०० ग्रॅममध्ये मिळतं. मग सगळे तेच का वापरत नाहीत? कारण पडल्यावर पाय सोडवण्याचं काम ते रिसॉर्टच्या नेहमीच्या अल्पाइन बाइंडिंगइतक्या समजूतदारपणे करत नाही. अल्पाइन बाइंडिंग धक्का थोडा झेलतं, बूट जरासा सरकू देतं, परत जागेवर आणतं, आणि धक्का हाताबाहेर गेला तरच सोडतं. हलक्या पिन बाइंडिंगमध्ये हे झेलणं फार थोडं असतं आणि बऱ्याच मॉडेलांत बाजूचं सुटणं टाचेकडून होतं. रिसॉर्टच्या घट्ट, खडबडीत उतारावर रोज असं बाइंडिंग वापरू नका, हे मी स्पष्ट सांगते. आणि पुढचा खटका चढण्यासाठी लॉक केलेला असतो तो उतरण्याआधी उघडायला विसरू नका. लॉक राहिला तर पाय सुटेल याचा भरवसा नाही.

मधला मार्ग म्हणजे हायब्रिड बाइंडिंग. सॉलोमनचं शिफ्ट चढताना पिनवर चालतं आणि उतरताना त्याचा पुढचा भाग अल्पाइनसारखा बूट पकडतो. एकाचं वजन ९०० ग्रॅमच्या आसपास. मार्करच्या ड्यूक पीटीमध्ये चढताना पुढचा अल्पाइन भाग काढून पाठपिशवीत टाकायचा. पाचातले चार दिवस रिसॉर्ट असलेल्या माणसासाठी ही जातच योग्य. जुनी फ्रेम बाइंडिंग अजून विकायला असतात, स्वस्तही पडतात, पण त्यात दर पावलाला टाचेखालची अख्खी चौकट पायाबरोबर उचलावी लागते. वर्षाकाठी एखादा छोटा चढ असेल तर ठीक.

कोणतंही बाइंडिंग असो, ते बसवणं आणि डिन आकडा, म्हणजे किती जोर आला की बूट सुटेल तो आकडा, लावणं दुकानावर सोडा. त्याला आयएसओ ११०८८ हे मानक आहे. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्कीइंगची पद्धत या पाच गोष्टींवरून तो आकडा निघतो. मित्राचा आकडा मित्राला. आपण आहोत त्यापेक्षा तयार आहोत असं दुकानात सांगायचा मोह होतो, आणि त्याची किंमत गुडघा मोजतो.

आता तुम्ही ओझरता उल्लेख केलेल्या बुटांकडे येऊ, कारण सगळं गणित तिथेच फिरतं. साध्या अल्पाइन बुटाला, म्हणजे आयएसओ ५३५५ च्या गुळगुळीत तळाच्या बुटाला, पिनचे खळगे नसतात. तुमचे बूट तसेच असतील तर वरच्या यादीतलं फ्रेम बाइंडिंग सोडून काहीही चढायला तुमच्या उपयोगाचं नाही. शिवाय त्यांना चालण्याची सोय नसते. नडगी पुढे झुकवून धरणाऱ्या बुटात तीन तास चढून बघा, स्कीच्या वजनाचं नावही कोणी काढणार नाही. म्हणजे 'पैसे एका जोडीपुरते' यात बूट कधी धरलेच नव्हते.

आधी बूट घ्या. तळाला ग्रिपवॉक, म्हणजे चालायला सोपा खाचांचा रबरी तळ, टोकाला पिनचे खळगे, मागे चालण्याचा खटका आणि एकाचं वजन १५०० ते १८०० ग्रॅम, अशा बुटात रिसॉर्टही होतं आणि टूरिंगही. फ्लेक्सचा, म्हणजे बुटाच्या ताठपणाचा, आकडा कंपनीगणिक बदलतो. एकाचा ११० दुसऱ्याच्या १०० सारखा लागतो, त्यामुळे आकड्याला भुलू नका. बघायचं ते माप. आतलं अस्तर काढा, पाय नुसत्या कवचात घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. दीड सेंटिमीटरच्या आसपास उरली तर माप बरोबर. तीन उरली तर बूट दुकानात फार आरामशीर वाटेल आणि डोंगरावर टाच आत उडत राहील. मग अस्तर परत घालून, बकलं लावून, निदान वीस मिनिटं तिथेच उभ्या राहा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या.

म्हणून माझा सल्ला असा, जो तुम्ही मागितलाच नव्हता: या मोसमात स्की विकत घेऊच नका. ७८ ची जुनी जोडी रिसॉर्टला अजून छान चालेल. ती विकू नका. पुढे नवी जोडी आली तरी मोसमाच्या सुरुवातीला दगड डोकावत असतात तेव्हा जुनीच घाला. फक्त तिचं बाइंडिंग ग्रिपवॉक तळाला चालतं का ते दुकानात तपासून घ्या. जुनी बाइंडिंग बहुधा चालत नाहीत आणि 'बसतंय ना' म्हणून घातलेला बूट वेळेवर सुटत नाही. चालत नसेल तर ते बदलावं लागेल, तो खर्च आताच धरा. टूरिंगच्या दिवसांसाठी पिन बाइंडिंगची स्की स्किन्ससकट भाड्याने घ्या, आणि मुद्दाम दर वेळी वेगळी. एकदा ९५ ची, एकदा १०५ ची. एकच वळण, एकच घट्ट पट्टा दोन्हींवर उतरून बघा. मार्चपर्यंत तुम्हाला माझ्या पत्राची गरज उरणार नाही.

भाड्याच्या स्किन्सही बघून ठेवा. नायलॉनच्या जास्त धरतात आणि टिकतात, मोहेरच्या, म्हणजे बकरीच्या लोकरीच्या, सरकतात छान आणि घडी लहान होते. नवशिक्याला घसरण्याची भीती जास्त असते, म्हणून नायलॉन किंवा दोन्हींचं मिश्रण बरं. स्वतःच्या स्कीला कापून घ्याल तेव्हा दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटर धातूची कड उघडी राहिली पाहिजे, नाहीतर बर्फाळ आडव्या वाटेवर ती पकडणार नाही.

वाचलेले पैसे कुठे जायचे तेही सांगून ठेवते. ४५७ किलोहर्ट्झवर चालणारा, तीन अँटेनांचा ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्या माणसाचा माग काढणारं रेडिओ यंत्र, प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, धातूचं फावडं आणि हिमस्खलनाचा एक प्रत्यक्ष अभ्यासवर्ग. या वस्तू सगळ्यांकडे आहेत, मग मला कशाला, असा विचार चुकूनही नको. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तेवढ्यात बाहेरून कोणी येत नाही, शोधतात ते सोबतचेच, आणि तुम्हीही त्या सोबत्यांपैकी एक असाल. इशाऱ्याचे आकडे १ ते ५ असतात म्हणून ३ म्हणजे मध्यम असं वाटतं. बरेच जीवघेणे अपघात ३ च्याच दिवशी होतात, कारण त्या दिवशी लोक बाहेर पडतात.

आता तुमची शेवटची ओळ. तुमच्यामुळे थांबावं लागेल का? पहिल्या काही वेळा, लागेल. पण तो वेळ स्कीच्या वजनात फार थोडा जातो. चढताना त्याने फार तर १०-१५ मिनिटांचा फरक पडतो. खरा वेळ खातात ते बदल: वर पोचल्यावर स्किन्स सोलणं, त्या वाऱ्यात चिकट बाजू आत घेऊन दुमडणं, बुटाचा खटका लावणं, बाइंडिंग फिरवणं, टोपी-चष्मा बदलणं. सराईत माणूस हे पाच मिनिटांत उरकतो. नवीन माणूस हातमोजे काढतो, स्किन बर्फात पाडतो, गोंद ओला करतो आणि वीस मिनिटं घेतो. हे घरात सतरंजीवर बसून पाठ करता येतं, हातमोजे घालून. किक-टर्न रिसॉर्टच्या पायथ्याशी सपाटीवर, मग हलक्या चढावर घोटा. याला नवीन स्की लागत नाही.

आणि मित्रांना जाण्याआधी फोन करून सरळ विचारा. पहिला चढ ५०० मीटरच्या आत ठेवाल का? वाट आणि तिच्या वरचे उतारही ३० अंशांच्या खालचे निवडाल का, कारण हिमस्खलनं प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांत सुटतात? पुढे चालणारा माणूस सगळ्यांत हळू चालणाऱ्याच्या मापाने पाऊल टाकेल का? मी 'नको वाटतंय' म्हटलं तर सगळे परत फिराल का? चारही प्रश्नांना चटकन 'हो' आलं तर बिनधास्त जा, थांबावं लागलं तरी त्यांना चालणार आहे. 'अगं बघू, तू ये तर' असं आलं तर तो दिवस लिफ्टवर काढा आणि टूरिंगची पहिली सहल एखाद्या प्रमाणित गाइडबरोबर करा.